मी पुढच्याच दाराने येणार

मी एक जुना ड्रम आहे. लगेच नाक मुरडू नका, मित्रांनो. तेलाच्या नाहीतर रंगाच्या ड्रमांशी माझे काहीही नाते नाही. मी सरबताचा ड्रम आहे, स्टीलचा, पितळी तोटीचा, धरायला दोन कड्या असलेला. आजवर मला जितक्या हॉलांच्या दारात अडवले गेले, तितक्या हॉलांत तुमच्यापैकी कोणी जेवलेही नसेल. मला त्याची जराही लाज वाटत नाही. ज्याला कोणी कधीच अडवत नाही, त्याच्यात काही दम नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्हाला हा आगाऊपणा वाटेल. खुशाल वाटू द्या. आधी माझी हकिगत ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या पत्राकामाच्या दुकानात झाला. तिथला कारागीर डेअरीसाठी दुधाचे कॅन बनवायचा. एके दिवशी रुग्णालयातली ड्युटी संपवून एक नर्स तिथे आली. पायांत दिवसभराचा शीण होता, पण आवाज खणखणीत होता.

"सकाळी टाकलेला बर्फ संध्याकाळीही खुळखुळला पाहिजे, असा ड्रम हवाय मला," ती म्हणाली.

"बाई, मी कॅन बनवतो. जादूचे प्रयोग नाही करत."

"मग आता करा," नर्स म्हणाली आणि तिथल्याच उलट्या डब्यावर बसली.

कारागिराने हात टेकले. त्याने मला दोन भिंती केल्या आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत बुचाच्या लाकडाचा चुरा ठासून भरला. तोटी बसवताना मात्र त्याने नर्सचेही ऐकले नाही. तिला तोटी अगदी तळाशी हवी होती, म्हणजे शेवटचा थेंबही बाहेर येईल. "तळाशी लिंबाच्या बिया बसतात, बाई. पहिल्याच पेल्याला तोटी तुंबेल," असे म्हणून त्याने ती चार बोटे वर बसवली. मग सांध्यांना कथलाचा डाख दिला, मला पाण्याने भरले आणि रात्रभर कोरड्या कागदावर उभे केले. सकाळी कागद कोरडाच होता. त्या दिवसापासून मी ताठ उभा आहे.

त्या नर्सला सगळे आत्या म्हणत. भावाची मुले म्हणत ते ठीकच, पण शेजारी म्हणत, पोस्टमन म्हणे, रुग्णालयातले मोठे डॉक्टरसुद्धा म्हणत. त्यांचे यजमान बर्फाच्या कारखान्यात फोरमन होते. त्यांना बर्फकाका हे नाव इतके चिकटले होते की त्यांचे खरे नाव मलाही कधी कळले नाही. कारखान्यात लादी कापताना जे तुकडे उरत, ते काका पोत्यात गुंडाळून आणत. आत्या लिंबे पिळत, आले ठेचत, साखर आणि चिमूटभर मीठ घालत. मग काका बर्फाचे पोते दगडावर आपटत आणि मी पहाटेच थंडगार होऊन बसे.

तेव्हा गल्लीत कोणाकडेही समारंभ असला, की गल्लीच राबायची. कोणी भांडी द्यायचे, कोणी खुर्च्या, कोणी नुसताच आरडाओरडा करायचे. आणि सरबत आत्यांच्या ड्रमातले, हे न बोलता ठरलेले असे. मी हातगाडीवरून दाराशी आलो, की मुले पेले घेऊन धावत सुटायची. पण आत्या त्यांना थोपवायच्या. त्यांचा एक नियम होता. पहिले पेले राबणाऱ्यांना. चुलीपाशी घामाघूम झालेल्यांना, भांडी घासणाऱ्यांना, मांडव घालून हात सोलवटलेल्यांना. त्यानंतर पाहुणे. एकदा एका बड्या पाहुण्याने पेला पुढे केला तेव्हा आत्या हसून म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आज काय काम केलंत ते सांगा, लगेच देते." त्याने मुकाट्याने दोन सतरंज्या उचलल्या आणि पेला मिळवला.

दुसरा नियम असा, की आणलेले परत न्यायचे नाही. उरले तर ते त्या घराचे. मी नेहमी रिकामाच घरी यायचो, आणि रिकामे येण्यातच माझी प्रतिष्ठा होती.

तुम्ही म्हणाल, यजमानांना विचारून न्यायचे, हा तिसरा नियम कुठे गेला? तो नव्हताच. सगळे मिळूनच सगळे ठरायचे, तिथे कोण कोणाला विचारणार? पुढे जे रामायण घडले, ते या न शिकलेल्या नियमामुळे घडले.

हळूहळू गल्लीतले समारंभ हॉलमध्ये जाऊ लागले. आत्यांच्या धाकट्या भावाचे चष्म्याचे दुकान चांगले चालायला लागले होते. त्याने मोठ्या मुलाच्या लग्नाचा स्वागतसमारंभ हॉलमध्ये ठरवला. जेवणाचे, पाण्याचे, सरबताचे, सगळे काम एका केटररकडे सोपवले. हा केटरर स्वयंपाकघरातसुद्धा पांढरेशुभ्र बूट घालून फिरायचा. त्याची माणसे त्याला पाठीमागे पांढरेबूट म्हणत, म्हणून मीही तेच म्हणणार. त्या हॉलच्या दारावर पाटी होती: 'बाहेरचे खाद्यपदार्थ व पेये आणण्यास सक्त मनाई आहे.'

ही पाटी मी पुढे फार पाहिली. खरे सांगू का, तिचा मला तितका राग नाही, जितका तिला चकवणाऱ्यांचा आहे. पर्समधून आपल्यापुरती बाटली आत नेणारे, टेबलाखाली वाकून घोट घेणारे आणि तोंड पुसून 'छान आहे हं व्यवस्था' म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. असल्यांच्या पंगतीला मला बसवू नका. मी लपून कधीच प्यायलो नाही आणि लपून कोणाला पाजलेही नाही. फक्त एकदा मला लपवले गेले, आणि तेव्हा माझे कोणी ऐकले नाही.

ती कल्पना बर्फकाकांच्या साडूभाऊंची. पाटीची बातमी कळल्यावर आत्या रागाने लाल झाल्या होत्या. साडूभाऊ म्हणाले, "त्यात काय एवढं? याला प्रेझेंट करून टाकू!" आणि त्यांनी मला, भरलेल्या मला, चमकदार कागदात गुंडाळले. वर गुलाबी रिबिनीचे फूल बांधले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण करतो काय? दारावरचा वॉचमन म्हणाला, "बाप रे, केवढं मोठं प्रेझेंट!" आणि त्याने स्वतः मला आत नेऊन भेटवस्तूंच्या टेबलावर, भिंतीवरची घड्याळे आणि चादरींच्या खोक्यांच्या मधोमध ठेवले.

कागद गुंडाळताना माझी तोटी थोडी फिरली होती. मला ते कळत होते आणि काही करता येत नव्हते. थोड्या वेळाने एक चिमुरडी मोठ्याने ओरडली, "आई, ते प्रेझेंट बघ, सू करतंय!"

सगळा हॉल वळला. चादरी चिकट झाल्या होत्या, घड्याळांच्या खोक्यांचा लगदा झाला होता आणि माझ्या अंगावरच्या कागदाचा रंग टेबलावरून खाली ओघळत होता. भावाने स्वतः रिबीन सोडली. आतून मी निघालो. लोक हसले. भाऊ मात्र हसला नाही.

पांढरेबूट समोर येऊन उभा राहिला. त्याने पेल्यात माझे सरबत घेतले, वास घेतला आणि पेला खाली ठेवला. "माझं पाणी काय विषारी आहे का?" तो म्हणाला. "चोरून आणावं लागतं? मग आता सगळ्यांना तुम्हीच पाजा." आणि त्याने सरबताच्या काउंटरवरची आपली माणसे तिथल्या तिथे काढून घेतली. मी एका गल्लीला पुरणारा ड्रम, भरल्या हॉलाला कसा पुरणार? त्यात निम्मा तर टेबलावर सांडलेला. नव्या सुनेचे मामा रिकामा पेला घेऊन इकडून तिकडे फिरत राहिले.

हॉलच्या मागच्या बाजूला, मोरीपाशी, भाऊ आणि आत्या समोरासमोर आले. मी मधे होतो.

"ताई, यापुढे हे आणू नकोस," भाऊ म्हणाला.

"हे म्हणजे काय?"

"हा ड्रम. तू ये, ड्रम नको."

"ड्रम नाही तर मीही नाही."

"ताई, चारचौघांत माझी काय शोभा झाली, बघितलंस ना?"

"आणि तुझ्या वाढदिवसाला हा ड्रम यायचा तेव्हा? तेव्हा नाही झाली शोभा?"

भाऊ तसाच आत निघून गेला. आत्या मला ओढत मागच्या दाराने बाहेर आल्या. मागच्या दाराने निघायची माझी ती पहिलीच वेळ. मला फार लागले ते. सांडल्यापेक्षाही जास्त.

त्यानंतर आत्या भावाकडच्या एकाही समारंभाला गेल्या नाहीत. मला त्यांनी रागाने जिन्याच्या वळणावर आणून ठेवले. बर्फकाकांनी माझ्यात छत्र्या ठेवायला सुरुवात केली. ओल्या छत्र्या, मित्रांनो! ज्या पोटात बर्फ खुळखुळायचा तिथे गंजलेल्या काड्यांचे पाणी साठू लागले. शेजाऱ्यांच्या मांजरीने माझ्या झाकणावर झोपायचा हक्क मिळवला. कोणीतरी माझ्या तोटीला दुधाची पिशवी अडकवायचे. तोटीवर हिरवट पुटे चढली. तरीही मी वाकलो नाही, अंगाला पोचा येऊ दिला नाही. कोणी येता-जाता पाय मारला तर मी असा घणघण वाजायचो की अख्खा जिना दाराबाहेर यायचा.

मला वाईट वाटायचे ते आत्यांचे. भावाकडे काही असले, की आत्या सकाळीच बाहेर जायचे कपडे इस्त्री करून दाराला अडकवत. जिन्यातून मला ते दिसत. मग तासातासाने दार उघडून त्या खाली रस्त्याकडे बघत. गाडी येईल, भाऊ उतरेल, ताई चल म्हणेल. भाऊ यायचा नाही. त्यालाही राग होता. शेवटी कपडे पुन्हा कपाटात जात. हट्टाला दोघेही पेटले होते आणि त्यात दोघांचेही आयुष्य चालले होते.

मग एके दुपारी भावाची धाकटी मुलगी, आत्यांची लाडकी भाची, जिना चढून आली. तिचे लग्न ठरले होते. ती वर गेलीच नाही. माझ्याशेजारच्या पायरीवर बसली आणि तिने तिथूनच हाक मारली. आत्या खाली आल्या.

"बाबा म्हणतात ड्रम नको. तू म्हणतेस ड्रम नाही तर मी नाही," भाची म्हणाली. "लग्न माझं आहे. मला काय हवं ते कोणीच विचारत नाही."

"तुला काय हवंय?"

"मला सगळं हवंय. तू, बाबा आणि हा. भांडायचं तर माझ्यासमोर भांडा. पण या."

"तुझा बाबा मला दारातून परत पाठवेल," आत्या म्हणाल्या. एरवीचा खणखणीतपणा त्यांच्या आवाजात उरला नव्हता. "ते मला नाही सोसायचं गं. घरी बसलेलं बरं."

भाचीने एकेक छत्री माझ्यातून काढून कठड्याला टांगली. मग माझे झाकण पदराने नव्हे, आपल्या नव्या ओढणीने पुसले आणि ती निघून गेली. आत्यांनी त्या छत्र्या परत माझ्यात ठेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोरीत नेले. चिंच लावून तोटी घासली, आत उकळते पाणी ओतले, पुन्हा ओतले, तोटीतली वॉशर बदलून आणली. मला टॅक्सीच्या मागच्या डिकीत बसवले आणि आम्ही निघालो. मला वाटले, भावाकडे. आम्ही उतरलो ते पांढरेबूटाच्या स्वयंपाकघरापाशी. भाचीच्या लग्नाचे जेवण त्याच्याकडेच होते, त्याच हॉलमध्ये.

आत कढयांची वाफ, कांद्याचा ढीग, फरशी पुसणाऱ्या बायका. पांढरेबूटाने मला ओळखले आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आजी, हा पुन्हा नको."

"आजी कोण? आत्या म्हण. मी विचारायला आलेय."

विचारायला! मित्रांनो, आत्यांनी सरबत न्यायचे का, असे उभ्या जन्मात कोणाला विचारले नव्हते. मला वाटले मी चुकीचे ऐकले.

पांढरेबूट हात पुसत पुढे आला. "त्या वेळी भरल्या हॉलात माझ्या पाण्याला नावं ठेवल्यासारखं झालं, आत्या. आणि नुसता मानाचा प्रश्न नाही. एका ठिकाणी पाहुण्यांनी बाहेरून पेय आणलं, मुलांची पोटं बिघडली आणि खापर फुटलं माझ्या डोक्यावर. कोणी काय आणलंय, कुठल्या पाण्याचं, मला कसं कळणार?"

"हे खरंय तुझं," आत्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं आम्ही. लपवून आणलं ते तर फारच वाईट केलं. नर्स असून मला हे कळलं नाही."

पांढरेबूटाने हातातले फडके खाली ठेवले. तो भांडायच्या तयारीने पुढे आला होता.

"आता ऐक," आत्या पुढे म्हणाल्या. "पाणी तुझं. लिंबं तुझी, साखर तुझी, बर्फ तुझा. तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या डोळ्यांसमोर सरबत करीन."

"सगळं माझंच, तर तुम्ही आणणार काय?"

"ड्रम आणि माझे हात."

पांढरेबूट माझ्याजवळ आला. मग त्याने माझे झाकण काढले आणि आपले आख्खे डोके माझ्यात घातले! वास घेतला, आतून बोट फिरवले, ते उजेडात धरून पाहिले. असा अपमान मी कोणाकडूनही सहन केला नसता, पण त्याचे बोट स्वच्छ निघाले आणि मला फार बरे वाटले.

"माझी एक अट आहे," आत्या म्हणाल्या. "पहिले पेले राबणाऱ्यांना. तुझ्या माणसांना."

"पाहुण्यांआधी? आमची माणसं पाहुण्यांच्या काउंटरवरचं पीत नाहीत. तसा नियमच आहे."

"तुझा तो नियम असेल. या ड्रमाचा हा आहे. घे नाहीतर सोड."

फरशी पुसणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. पांढरेबूटाने त्यांच्याकडे पाहिले, मग बुटांकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "तुमच्या भावाला कळवून टाकतो."

"नको. त्याला एक शब्द सांगायचा नाही. दारावरच्या वॉचमनलाही नाही."

"का?"

"मला बघायचंय, माझा भाऊ दारात काय करतो ते."

"आणि तो म्हणाला, परत जा, तर?"

आत्यांनी माझे झाकण नीट बसवले. "तर मी परत जाईन," त्या म्हणाल्या. "ड्रम तू आत घे. पोरीला तिच्या लग्नात सरबत मिळालं पाहिजे. कर तुझ्या हाताने. पण मग पुन्हा मला कोणी बोलवायला येऊ नका म्हणावं. मला भाऊ नाही असं मी समजेन."

मला भीती वाटली. एरवी मी कोणाला भीत नाही, पण तेव्हा वाटली. स्वयंपाकघरातला प्रश्न सुटला होता आणि खरा प्रश्न अजून दारातच होता.

लग्नाचा दिवस उजाडला. टॅक्सीवाल्याने मला हॉलच्या पुढच्या पायऱ्यांवर, अगदी त्या पाटीखाली आणून ठेवले. अंगावर कागद नाही, रिबीन नाही, टॉवेलसुद्धा नाही. उघडाबागडा, घासूनपुसून लख्ख. शेजारी इस्त्रीच्या कपड्यांत आत्या. बर्फकाकांची कंबर धरली होती, त्यामुळे ते टॅक्सीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"आजीबाई, बाहेरचं आत चालत नाही," वॉचमन म्हणाला.

"यजमानांना बोलाव," आत्या म्हणाल्या.

बोलवायची गरजच नव्हती. भाऊ दारातच होता, नव्या कोटात, मुलाकडच्या मंडळींचे स्वागत करत. त्याने आत्यांना पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. मग त्याने मला पाहिले आणि त्याचे तोंड उतरले. त्याच्या एका बाजूला व्याही उभे होते, दुसऱ्या बाजूला मुलाकडच्या पाच-पंचवीस बायका-पुरुषांचा घोळका. काचेच्या दाराआड पांढरेबूट हाताची घडी घालून उभा होता. भावाला तोही दिसला. त्याच्या डोळ्यांसमोर ती चिकट घड्याळे आली असणार, आणि रिकामा पेला घेऊन फिरणारे ते मामाही.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "आजच्या दिवशीसुद्धा?"

"आजच्याच दिवशी," आत्या म्हणाल्या.

मी आत्यांना ओळखतो. ताठ उभ्या होत्या, पण त्यांच्या हाताने माझे झाकण घट्ट धरून ठेवले होते. भावाने 'परत जा' म्हणायचा अवकाश, की आमचा तो शेवटचा समारंभ ठरला असता.

वॉचमन मला बाजूला करायला वाकला. "साहेब, मागे नेऊन ठेवू का?"

भावाने झाकणावरचा ताईचा हात पाहिला. मग त्याने कोट काढला. नवा कोट, ज्याची घडीसुद्धा अजून पुरती मोडली नव्हती. काढला आणि वॉचमनच्या हातात दिला.

"हिला आजीबाई म्हणतोस?" तो म्हणाला. त्याचा आवाज आता अजिबात हळू नव्हता. "ही माझी थोरली बहीण आहे. ही आत येणार आणि हिचा ड्रमही आत येणार. मागच्या दाराने नाही, इथूनच. केटररला राग आला तर त्याला सांग, नवरीचा बाप भेटेल. हसू झालं तर माझं होईल." मग तो व्याह्यांकडे वळला. "माफ करा, दोन मिनिटं थांबा. आमचं माणूस आलंय. ताई, धर ती कडी."

त्याने बाह्या सरसावल्या. वाकला. काठोकाठ भरलेल्या ड्रमाला लावायचा तसा सगळा जोर लावून त्याने माझी कडी उचलली, आणि मी इतका अलगद वर गेलो की भाऊ मागच्या मागे पायरीवर धपकन बसला.

भावाने माझे झाकण उघडून आत पाहिले.

"ताई, हा तर रिकामा आहे!"

"रिकामाच आहे. लिंबं आत आहेत. मी विचारून आलेय रे, चार दिवसांपूर्वीच."

"मग मला आधी सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर कोट काढला असतास का?"

भाऊ पायरीवर बसल्या बसल्या हसायला लागला. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि मग त्याला हसू आवरेना की रडू, हे त्यालाही कळेना. आत्या त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. इस्त्रीचे कपडे चुरगळले. मुलाकडच्या मंडळींना काय चालले आहे ते काही कळले नाही, पण नवरी मात्र आतून धावत आली, तिने दोघांकडे पाहिले आणि ती आधी माझ्याच गळ्यात पडली. मला त्यामुळे थोडा पोचा आला आहे, तोटीच्या डावीकडे. तो मी कधीच काढू देणार नाही.

त्या दिवशी मी पांढरेबूटाच्या स्वयंपाकघरात भरलो. पहिले पेले कांदे चिरणाऱ्यांना, फरशी पुसणाऱ्या बायकांना आणि वाढप्यांना मिळाले. वॉचमनलाही, कोट सांभाळण्याचे काम केले म्हणून. रांगेत शेवटी पांढरेबूट स्वतः उभा राहिला आणि सरबताचा एक थेंब त्याच्या बुटावर पडला. त्याने तो पुसला नाही. आणखी थोडे द्या म्हणाला. पाहुण्यांना त्याचे काउंटर होते आणि मीही होतो, कोणी तहानलेला राहिला नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे, पण मवाळ झालेलो नाही. माझे म्हणणे नीट ऐकून घ्या. दुसऱ्याच्या समारंभाला आपले पेय न्यायचे असेल तर आधी विचारा. यजमानांना विचारा, आणि जो दिवसभर तिथे राबणार आहे त्यालाही विचारा, त्याचेही नाव पणाला लागलेले असते. तान्ह्याचे दूध, आजाऱ्याचे उकळलेले पाणी उजळ माथ्याने न्या, त्याला कोणीही नाही म्हणणार नाही. आपल्यापुरते लपवून नेऊ नका. न्यायचे तर वाटण्यासाठी न्या, आणि उरलेले बगलेत मारून परत आणू नका. यजमानांनी प्रेमाने नको म्हटले तर घरी ठेवा, त्यात कोणाचा मान जात नाही. आणि माझ्यासारख्या जुन्या भांड्यांना काम झाल्यावर धुऊन, पुसून, झाकण थोडे किलकिले ठेवून कोरड्या जागी ठेवा. एवढे केलेत तर आम्ही तुमच्या नातवंडांनाही पाजू.

पण एवढे सगळे करूनही कधीतरी कोणीतरी मला दारात अडवेल. पाट्या काही कमी होणार नाहीत. तेव्हा मी मागे सरणार नाही आणि मागच्या दाराकडे तर वळणारही नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुम्ही तिथे असलात तर घोळक्यात उभे राहून बघत बसू नका. कोट काढा आणि कडी धरा. मी भरलेला आहे की रिकामा, ते उचलल्यावर कळेलच.